जो दात आज बसणारच नाही, त्यासाठी एफडी मोडायची का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंची मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. समोरच्या दोन मोठ्या दातांशेजारचा उजवा दात आलाच नाही. डावीकडचा आला, पण बारीक, खुंटीसारखा. दवाखान्याने १,५०,००० रुपये सांगितलेत: ब्रेसेस ६५,०००, खुंटीदाताला आकार देणे १०,०००, इम्प्लांट (हाडात बसवायचा दाताचा कृत्रिम खिळा) आणि त्यावरची कॅप ७५,०००. सगळे आत्ताच भरले तर १५,००० सूट. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडू की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही नको. यातले ७५,००० रुपये ज्या कामाचे आहेत, ते काम आज होऊच शकत नाही. वाढत्या वयात जबड्यासोबत बाकीचे दात खाली सरकत राहतात. हाडात घट्ट बसलेला इम्प्लांट मात्र आहे तिथेच राहतो आणि काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो. म्हणून चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत डॉक्टर थांबतात. मुलींमध्ये साधारण १७-१८ वर्षं, कधी त्याहून जास्त. म्हणजे तीन-चार वर्षांनंतरच्या कामाचे पैसे तुम्ही आज देणार. तोवर दवाखाना हलला, डॉक्टर बदलले, तर ते परत कोणाकडे मागायचे?

आणि कदाचित इम्प्लांट लागणारही नाही. अशा केसमध्ये दुसरा मार्ग असतो: रिकाम्या जागेत ब्रेसेसने सुळा ओढून आणायचा आणि त्याला घासून, भरून शेजारच्या दातासारखा आकार द्यायचा. तो प्रत्येकाला जमत नाही. जबड्याची ठेवण, सुळ्याचा रंग-आकार हे सगळं पाहावं लागतं. पण जागा बंद करायची की राखून ठेवायची, हे ब्रेसेस लावण्याआधीच ठरतं. त्यामुळे पैशाच्या आधी हा प्रश्न विचारा. मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याच्या) विभागात एक्स-रे घेऊन जा आणि दुसरं मत घ्या. एक सकाळ जाईल, पण ७५,००० चा निर्णय आहे.

लोनचा हिशेब पाहा. १,३५,००० रुपये तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता ४,६०० च्या वर आणि एकूण व्याज सुमारे ३१,०००. १५,००० च्या सवलतीसाठी त्याच्या दुप्पट व्याज! एफडी मुदतीआधी मोडली तर बँक सहसा व्याजदर कापते, आणि क्लासची फी काही दातासाठी थांबणार नाही.

तुमची २०,००० ची भिशी पुढच्या महिन्यात लागतेय ना? ती ब्रेसेससाठी सुरुवातीला द्या आणि उरलेले ४५,००० महिन्याला २,५०० प्रमाणे अठरा महिन्यांत देऊ का, असं विचारा. ब्रेसेसचं काम महिनोन् महिने चालतं, तसे पैसेही काम होईल तसे द्यावेत. इम्प्लांटसाठी १,५०० रुपयांची आरडी सुरू करा. साडेसहा टक्के धरले तर चार वर्षांत सुमारे ८२,००० होतात. सुळा जागेवर आणायचं ठरलं, तर तेच पैसे तिच्या कॉलेजला. तोवर रिकामी जागा दिसू नये म्हणून रिटेनरला (ब्रेसेसनंतर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाला) नकली दात लावून मिळतो, त्याचा खर्च आधी विचारून ठेवा. हेल्थ पॉलिसीवर विसंबू नका. अपघात नसेल तर दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

तुम्ही लिहिलंय की गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या चुकल्या, म्हणून हे झालं असेल. ताई, हे मनातून काढून टाका. असे दात न येणं बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. एमएसएक्स१, पॅक्स९ यांसारख्या जनुकांशी त्याचा संबंध सापडलेला आहे. एका बाजूचा दात नसणं आणि दुसऱ्या बाजूचा खुंटीसारखा असणं ही जोडी तर दंतवैद्यांच्या चांगल्या ओळखीची आहे.

घराण्यात चालणारी गोष्ट आहे, म्हणून तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचाही पूर्ण जबड्याचा एक्स-रे त्याच फेरीत काढून घ्या. त्याचेही दात कमी निघाले तर आजच कळेल, आणि त्याच्यासाठी आरडीला आठ-नऊ वर्षं तरी मिळतील.