साध्या मोबाईलवर, ॲप न वापरता ट्रिक फोटो कसे काढायचे?

प्रश्नात तू लिहिलंयस की अकरावीत आहेस, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतोस, मोबाईल वडिलांचा आहे, त्यात एडिटिंगचं ॲप टाकायला जागा नाही, आणि तरी तुला ‘माणूस तळहातावर उभा’ असले फोटो काढायचेत. अकरावीतला आहेस म्हणून ‘तू’च म्हणतो. आर्वी तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, रोलच्या काळापासूनचा. ॲप नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. खाली सांगतो त्या युक्त्यांचं सगळं काम बटण दाबायच्या आधीच उरकतं.

आधी एक डोळा मीट आणि गावच्या पाण्याच्या टाकीसमोर अंगठा धर. टाकी अंगठ्याएवढी होते ना? दुसरा डोळा उघडलास की लगेच कळतं, अंगठा जवळ आहे आणि टाकी लांब. अंतराचा हा अंदाज आपल्याला बराचसा दोन डोळ्यांमुळे येतो. मोबाईल एकाच डोळ्यानं बघतो. त्याला फक्त कोण किती जागा व्यापतो एवढंच दिसतं. माणूस तळहातावर उभा करणं, सूर्य चिमटीत धरणं, हे सगळं याच एका गोष्टीवर चालतं.

आता शिकायला सगळ्यात चांगला दिवस सांगतो: तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा, लाकडी बैलांचा पोळा. तुझ्या घरी नाहीतर शेजारी चाकांचा लाकडी बैल असेलच. तो बैल हत्तीएवढा दिसेल आणि त्याच्या पायाशी तुझा लहान भाऊ उभा असेल, असा फोटो काढायचा. हिशेब सोपा आहे. बैल १ फूट उंच आणि मोबाईलपासून २ फुटांवर. भाऊ ४ फूट उंच आणि १६ फुटांवर. उंचीला अंतरानं भाग. बैलाचं येतं अर्धा, भावाचं पाव. म्हणजे फोटोत बैल भावाच्या दुप्पट, ८ फुटी दिसणार. भावाला आणखी मागे नेलं की बैल आणखी वाढतो. पहिल्यांदा करताना अंतर पावलांनी नको, सुतळीनं मोज. पावलं टाकताना आपण आपल्याला हवं तसं मोजतो.

बहुतेकांचा फोटो फसतो तो जमिनीपाशी. उभ्यानं फोटो काढला तर बैलाची चाकं फोटोच्या तळाशी येतात आणि भावाचे पाय पार वर, मग बघणाऱ्याला मधली सगळी जमीन दिसते आणि खेळ संपतो. त्यासाठी मोबाईल उलटा धर, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली येते, आणि तो जमिनीला जवळजवळ टेकव. इतक्या खालून पाहिलं की मधली १४ फूट जमीन दबून एक रेघ होते. तरी पायांची पातळी जुळत नसेल तर बैल एका पाटावर ठेव, पाटावर वावरातली तीच माती पसर, कडा झाकून टाक, आणि मोबाईल पाटाच्या पातळीला आण. काळ्या मातीत पाट कुठे संपतो ते अजिबात दिसत नाही. आपल्याकडची जमीन या कामाला फार चांगली आहे, सगळीकडे एकाच रंगाची.

मग भावाला सांग, हात लांब कर. तू मोबाईलमध्ये बघत ‘थोडा वर, थोडा डावीकडे’ करत त्याचा पंजा बैलाच्या पायावर टेकलेला दिसेपर्यंत हलव. नजरही तशीच लाव. पोट्टे हटकून कॅमेऱ्याकडे बघून हसतात. त्यानं वर, जिथे बैलाचं तोंड दिसतंय तिकडे, हवेत बघायचं. माझ्या मते निम्मा फोटो नजरेत असतो.

पोर्ट्रेट मोड बंद ठेव, तो मागचं सगळं धूसर करतो आणि इथे आपल्याला जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट हवंय. तरीही बैल किंवा भाऊ यातलं एक अस्पष्ट आलं तर दोन्ही अंतरं दुप्पट कर: बैल ४ फुटांवर, भाऊ ३२ फुटांवर. प्रमाण तेच राहतं, पण आता दोघंही एकाच वेळी फोकसमध्ये बसायला सोपे होतात. बैल फोटोत छोटा दिसेल, तर नंतर कडा कापून घ्यायच्या. तेवढं गॅलरीतच होतं, त्याला ॲप लागत नाही. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम, कारण उन्हात एवढ्या मोठ्या बैलाची सावली भावाच्या अंगावर का नाही, हे चाणाक्ष माणूस लगेच विचारतो.

याच युक्तीचा एक प्रसंग तुला सांगितलाच पाहिजे. आमच्या भागात एका पोरानं प्लास्टिकचा खेळण्यातला वाघ धुऱ्यावर ठेवला, मोबाईल खाली टेकवला आणि मागे लांबवर तुरीच्या ओळी येतील असा फोटो काढला. फोटो इतका जमला होता की पाहताक्षणी मीही दचकलो. त्यानं तो मित्राला पाठवला, मित्रानं ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत दोन गावांत बातमी पसरली, दुसऱ्या दिवशी निंदणाला बाया आल्या नाहीत, रात्री जागलीला कोणी गेलं नाही. आपल्याकडे वाघ खरंच येतो रे, माणसं खरंच मरतात. म्हणून वाघ, बिबट, साप, अपघात हे विषय घ्यायचेच नाहीत आणि बाकी कुठलाही ट्रिक फोटो पाठवताना खाली ‘ट्रिक फोटो’ असं लिहायचं. इंग्लंडमधल्या कॉटिंगली गावात १९१७ साली दोन मुलींनी कागदाच्या पऱ्या कापून, टोपीला लावायच्या लांब टाचण्यांनी झाडोऱ्यात उभ्या केल्या आणि फोटो काढले. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांनीसुद्धा ते खरे मानले. त्या दोघींनी कबुली दिली १९८३ साली, म्हाताऱ्या झाल्यावर. गंमत हातातून निसटली की परत आणणं किती अवघड जातं, बघ.

आता डबल रोल. रोलच्या कॅमेऱ्यात आम्ही लेन्सच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा धरायचो, डाव्या बाजूला पोराला बसवून एकदा बटण दाबायचो, मग रोल न फिरवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, पोरगाही दुसऱ्या बाजूला, आणि त्याच फिल्मवर पुन्हा बटण. ‘१२०’ हे फिल्मच्या मापाचं नाव, त्या रोलमध्ये आमच्या कॅमेऱ्यात १२ च फोटो निघायचे, त्यामुळे चूक महाग पडायची. माझ्या पहिल्या रोलमध्ये पोरगा स्वतःशीच कॅरम खेळताना सुंदर आला होता, पण चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर मधोमध काळी पट्टी उमटली. पुठ्ठा दोन्ही वेळा थोडा जास्त पुढे सरकला होता. पुढच्या वेळी पोराला कडुनिंबाखाली नेलं आणि खोड बरोबर मध्ये घेतलं. सांधा खोडाच्या सालीत लपला. हा धडा आजही कामाचा आहे: सांधा लपवायला आधी जागा शोध, माणूस नंतर उभा कर.

तुला मात्र पुठ्ठ्याची गरज नाही. मोबाईलमध्ये पॅनोरमा असतो, म्हणजे मोबाईल हळूहळू फिरवत लांबलचक आडवा फोटो घेणारा पर्याय. मित्राला डावीकडे उभं कर, पॅनोरमा सुरू कर, मित्र चौकटीतून बाहेर पडला की हात तिथेच थांबव. त्यानं तुझ्या पाठीमागून पळत येऊन उजवीकडे उभं राहायचं, मग तू पुढे सरकायचं. समोरून पळाला तर त्याचे तुकडे होतात. एकाच फोटोत तो दोनदा येतो.

हवेत तरंगण्याचा फोटो तर निव्वळ उडीचा आहे. भर उन्हात, उडीच्या अगदी वरच्या टोकाला, चेहरा शांत ठेवून. खाली सुटी पडलेली सावली दिसली पाहिजे, तीच पुरावा.

पोळा अमावस्येला येतो, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री आकाशात चंद्र नसतो. ती रात्र उजेडानं चित्र काढायला घे, पाऊस नसला तर. मोबाईलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ असा पर्याय असेल तर शटर (कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते) १० सेकंद, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) १००, टायमर लावून मोबाईल दोन विटांच्या मध्ये घट्ट उभा कर. लाकडी बैल समोर ठेव. गडद कपडे घालून बैलाच्या मागे बस आणि छोटा टॉर्च कॅमेऱ्याकडे तोंड करून बैलाच्या कडेकडेनं फिरव: पाठ, वशिंड, शिंगं. फोटोत उजेडाच्या रेघेनं काढलेला बैल येतो आणि तू येत नाहीस, कारण तुझ्यावर उजेडच पडलेला नाही. टॉर्चऐवजी उदबत्ती घेतलीस तर रेघ बारीक, तांबडी येते. अक्षरं काढशील तर ती कॅमेऱ्याला उलटी दिसतील, गॅलरीत फोटो पलटवून घे. ग्योन मिली नावाच्या छायाचित्रकारानं १९४९ साली चित्रकार पिकासोच्या हातात असाच छोटा दिवा देऊन अंधारात चित्रं काढून घेतली होती. लाकडी बैलाच्या कडेनं दिवा फिरवायची कल्पना मात्र माझी.

इंटरनेटवर बारीक तार पेटवून गरगर फिरवायचे फोटो दिसतील. ते करू नको. ठिणग्या लांब उडतात आणि आपल्या गावात कुठे कुटार, कुठे पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग, कुठे गोठा. तसंच चौकट जुळवताना मोबाईलकडे बघत मागे मागे जाऊ नको. बिनकठड्याच्या विहिरी वावरात किती आहेत ते तुला मी सांगायला नको. मागे जायचं असेल तर थांब, वळून बघ, मग जा.

एक युक्ती दिवाळीच्या आसपाससाठी. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना थोड्याथोड्या अंतरानं एकेक चित्र घेतलं होतं, आणि ती चित्रं सलग चालवल्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. तू कपाशीचं बोंड घे, नुकतंच तडकलेलं. त्याची फांदी काडीला बांध, नाहीतर वाऱ्यानं दर वेळी जागा बदलेल. समोर एक खुंटी रोवून तिच्यावर फळीचा तुकडा ठोक, त्याला खाच पाड, म्हणजे मोबाईल रोज नेमका तिथेच बसेल. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक फोटो. बोंड पूर्ण उमललं की गॅलरीत सगळे फोटो भराभर सरकव, कापूस बाहेर येताना दिसेल. यात मोबाईल दिवसातून तीन मिनिटं लागतो, आणि वडील तो खिशात घेऊन वावरात जातच असतील. तू कॉलेजात असशील तेव्हा दुपारचा फोटो त्यांनाच काढायला सांग. खाचेत मोबाईल ठेवायचा आणि बटण दाबायचं, बस.