आधी पॉवर सप्लाय ठरव

नव्या पीसीच्या भागांची तुझी यादी पाहिली. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड छान निवडलंयस, पण पॉवर सप्लायपुढे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, नुसतं '५०० वॅट, कुठलाही' लिहिलंयस. तिथेच गडबड आहे. माझा पहिला पीसी असाच 'कुठल्याही' सप्लायवर चालायचा; गेम सुरू केला की स्क्रीन काळी. दोन महिने मी रॅमला शिव्या घालत होतो. शेवटी सप्लाय जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर दिलेत ते बघ. त्याला १२ने गुणलं की वॅट मिळतात: ४० असतील तर ४८० वॅट, म्हणजे ठीक. २५च दिसले तर तो ३०० वॅटचाच समज. आणि '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, टिकाऊपणाचं काही नाही. वॉरंटी ५ वर्षांची तरी बघ.

रॅम एकाच पाकिटातली जोडी घे. मदरबोर्ड कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत ते मॉडेल असलं तर उत्तम. विंडोज टाकण्याआधी रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालव. चूक दिसली तर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) बंद करून पुन्हा चालव, तरीही आली तर रॅम सरळ बदलून घे.

बाकी ते कॅबिनेटचे रंगीत दिवे... ते पैसे एसएसडीत घाल.