कोरोनानंतर रेल्वे सुरू होऊनही प्रवासी इतके हळूहळू का परतले? लोक गर्दीला घाबरत होते का?

भीती होती, नाही असं नाही. पण आमच्याकडचा प्रवासी परतला नाही तो मुख्यतः तिकीट मिळत नव्हतं म्हणून. मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावाहून बडनेऱ्याला अपडाऊन करणारा, म्हणजे पासवाला. राजधानी एक्सप्रेसमधून फिरणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल, तो त्यांनी सांगावा.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू लागला आणि गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. तेव्हा मात्र लोक खरंच धास्तावले होते. गावच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि पुण्याहून आलेल्या पोराला घरच्यांच्या आधी विलगीकरणाची झेडपीची शाळा दिसत होती. मालगाड्या तेवढ्या चालू होत्या. मे महिन्यात दिल्लीहून १५ जोड्या वातानुकूलित गाड्या सुटल्या, १ जूनपासून आणखी २०० गाड्या आल्या. ऐकायला भरपूर वाटतं. पण या सगळ्या 'स्पेशल', आणि जनरल डबासुद्धा आरक्षित! त्यात बसायचं तर नाव, वय, मोबाईल नंबर द्या आणि जिथे जाताय तिथला पत्ताही लिहा. शिवाय आरक्षणाचे १५ रुपये वेगळे.

आता आमचा प्रवासी कोण, ते बघा. तालुक्याला भाजी नेणारी बाई, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेला माणूस आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात जाणारे पेशंट. यातला कोणीच चार दिवस आधी सीट बुक करून निघत नाही. ऑनलाईन तिकिटं काढून देणाऱ्या एका दुकानात मी उभा असताना एक म्हातारी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल. "पाशिंजरचं तिकीट काहाडून दे ना बापू, डाक्टरनं मंगळवारी बलावलं." पोरगा म्हणाला, "माय, पाशिंजर बंद हाये. एक्सप्रेसचं पाह्यलं त वेटिंग दावते." म्हातारीला वेटिंग म्हणजे काय ते कळेना. गाडी येते, थांबते, मग आपल्याला बसू का देत नाहीत, एवढंच ती विचारत राहिली. तिच्या प्रश्नाला त्या पोराकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये विदर्भातून संत्री घेऊन किसान रेल दिल्लीला गेली. चांगलंच झालं, शेतकऱ्याला बाजार मिळाला. पण संत्र्याला गाडी आहे नि संत्रेवाल्याला नाही, यावर चहाच्या टपरीवर बरेच दिवस हसणं चाललं.

दिवाळीनंतर जरा हालचाल दिसू लागली. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली तसे शेगावला जाणारे आरक्षण करून का होईना, निघाले. तेवढ्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट नेमकी आमच्याच जिल्ह्यातून वर आली. २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपूरला लॉकडाऊन. एप्रिल-मे मध्ये गाड्या रिकाम्या धावल्या, काही रद्दच झाल्या. तो काळ खऱ्या भीतीचा. तेव्हा फुकट नेलं असतं तरी कोणी बसलं नसतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'स्पेशल' हे बिरूद गेलं, गाड्यांच्या नंबरापुढचं शून्य गेलं. नेमका तेव्हाच एसटीचा संप पेटला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. म्हणजे लोकांना रेल्वेची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा जनरलचं साधं तिकीट मिळत नव्हतं. सगळी चांदी झाली ती काळी-पिवळी जीपवाल्यांची. जनरल डब्याचं आरक्षण काढायचा आदेश फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस निघाला, पण चार महिन्यांची बुकिंगं आधीच झालेली होती, म्हणून प्रत्यक्षात जूनची अखेर उजाडली.

आणि पॅसेंजर? ती परत आली ती एक्सप्रेसचं भाडं घेऊन. आधी किमान १० रुपये लागायचे, आता ३०. गाडी तीच, प्रत्येक ठेसनावर थांबणारी. रोज जाऊन येऊन ६० रुपये म्हणजे दोनशे-अडीचशे मजुरीवाल्या बाईला परवडतं का, याचा हिशेब तुम्हीच करा. दहाचं तिकीट परत आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि त्यानंतर गाडीत जुने चेहरे दिसू लागले. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती मात्र अजून दिलेली नाही. त्यामुळे म्हातारी माणसं आता तब्येत फारच बिघडल्याशिवाय निघत नाहीत.

आमच्या डब्यातली काही मंडळी परतलीच नाहीत. संपाच्या दिवसांत त्यांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या. हप्ते फिटले, सवय लागली, घरून निघायची वेळ आपल्या हातात आली. पास परत सुरू झाल्याचं मी एकाला कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, "काहून येऊ भाऊ? गाडी लेट झाली त दुकानवाला माही हाजरी कापते."