इंग्लंडातली विमेन्स हेल्थ प्लेसमेंट: काय शिकवतात, काय करू देतात, निघण्याआधी काय करावं

तुझे प्रश्न थोडक्यात असे: बीएस्सीनंतर इंग्लंडात दोन वर्षांच्या प्री-रजिस्ट्रेशन (फिजिओ म्हणून नोंदणीला पात्र करणाऱ्या) एमएससी फिजिओथेरपीला जायचंय. प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून हॉस्पिटलात करायचं प्रत्यक्ष काम, विमेन्स हेल्थची लागू शकते असं कळलंय. तिथे काय करायला लावतात, आतून तपासणी करावी लागते का आणि इथूनच काय तयारी करावी?

आधी तपासणीचं, कारण धास्ती त्याचीच दिसतेय. योनीमार्गे किंवा गुदमार्गे तपासणी विद्यार्थ्यांकडून सहसा करून घेत नाहीत. फिजिओ म्हणून रजिस्टर झाल्यावर वेगळा कोर्स करून ते शिकायचं असतं. तू पाहायला असशील, तेही पेशंटने हो म्हटलं तरच, आणि ते विचारायचं तू खोलीत नसताना, म्हणजे तिला भिडेपोटी हो म्हणावं लागत नाही. नको म्हणाली तर बाहेर थांबायचं. मुलग्यांना हा नकार जास्त वेळा मिळतो. त्यांनी तो मनाला लावून घेऊ नये आणि एज्युकेटरनेही (प्लेसमेंटवर शिकवणारी आणि मार्क देणारी फिजिओ) त्यावरून मार्क कापू नयेत.

एक जाता जाता: विभागाच्या पाटीवर बहुतेक ठिकाणी 'पेल्विक हेल्थ' (ओटीपोटाचं आरोग्य) असेल. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी सुटणारे पुरुषही तिथेच येतात.

इथे हातांपेक्षा तोंडाचं काम जास्त. गुडघ्याच्या पेशंटला 'कुठे दुखतं' विचारायला धीर लागत नाही. इथे पहिल्याच भेटीत लघवी कधी सुटते, खोकताना की घाईची कळ आल्यावर, पॅड किती लागतात, शौचाला कुंथावं लागतं का, वायू आवरतो का, संबंधांच्या वेळी दुखतं का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, हे सगळं विचारायचं असतं. नवशिके दोन ठिकाणी अडतात. एक तर 'तुम्हाला तसला काही त्रास नाही ना?' असा प्रश्न करतात, मग समोरून 'नाही' हेच उत्तर येतं. नाहीतर संबंधांचा प्रश्न शेवटच्या दोन मिनिटांवर ढकलतात. सोपा क्रम असा: लघवी, मग शौच, मग बाळंतपणं (किती, चिमटा की व्हॅक्यूम, टाके, बाळाचं वजन), मग संबंध. प्रत्येक टप्प्याआधी हे का विचारतोय ते एका वाक्यात सांगायचं. इंग्रजीतले साधे शब्द आरशासमोर मोठ्याने म्हणून जा. वाचलेलं आणि बोललेलं यांत फार फरक पडतो.

धोक्याच्या खुणा तोंडपाठ हव्यात: मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अचानक अडणं, लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, गरोदरपणात एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे चमकणं. यातलं काही ऐकलं की व्यायाम बाजूला ठेवायचा आणि लगेच एज्युकेटरला सांगायचं.

ब्लॅडर डायरी वाचता आली तर अर्धी प्लेसमेंट जिंकलीस. पेशंट किमान तीन दिवस लिहून आणते: काय प्यायलं, किती, कितीदा लघवी, मापाच्या भांड्यात किती मिली, कधी सुटली. समज, एका पानावर दिवसाचं पिणं १८०० मिली, त्यात चहा-कॉफी मिळून सहा कप. लघवी ११ वेळा: सकाळची पहिली ४५० मिली, बाकी दहा वेळा शंभर-सव्वाशे. मूत्राशय ४५० धरतं हे सकाळच्या आकड्यावरून दिसतंच, म्हणजे ते लहान नाही. दिवसभराची धावपळ कळेमुळे आहे किंवा 'बाहेर पडतेय तर जाऊन येते' या सवयीमुळे. लघवी सुटल्याच्या नोंदी कळ आल्यावरच्या असतील तर कॅफीन कमी करायचं आणि ब्लॅडर ट्रेनिंग द्यायचं, किमान सहा आठवडे. कळ आली की थांबायचं, टेकायचं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू भराभर आवळायचे, कळ ओसरली की सावकाश जायचं, आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. पाणीच कमी करते असं म्हणणाऱ्या बाईला थांबव. घट्ट लघवीने कळ वाढू शकते आणि बद्धकोष्ठही होतं.

आता ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. आपल्याकडे याला सर्रास केगल म्हणतात. नाइस या उपचारांचं मार्गदर्शन देणाऱ्या तिथल्या संस्थेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं. अंग थोडं खाली आलेलं असेल, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या पायरीवर, तर १६ आठवडे. पण सगळ्यांना दहा सेकंद गुणिले दहा असा छापील कागद देणं ही नेहमीची चूक. आतून तपासणारी फिजिओ चार आकडे लिहिते, उदाहरणार्थ ३/५/४/७. ताकद ० ते ५ मध्ये ३, धरता येतं ५ सेकंद, तेही ४ वेळा, आणि झटपट आकुंचनं ७. मग घरचा अभ्यासही तेवढाच: पाच सेकंदांची चार, मध्ये विश्रांती, मग सात झटपट. ताकद नसताना दहा सेकंद धरायला सांगितलं की बाई नितंब आणि मांड्या आवळते, श्वास कोंडते, आणि तळाचे स्नायू कधीच सुटलेले असतात.

तुझ्या वाट्याला शब्दांत शिकवणं येईल. 'वायू अडवताय असं मागून आवळा, मग लघवी थांबवताय तसं पुढे आणा आणि वर उचला' ही सूचना बहुतेकींना लागते. बोलता बोलता आकडे मोजायला लाव, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. पोट फुगलं किंवा खाली जोर दिल्यासारखं झालं तर ती ढकलतेय, उचलत नाहीये, आणि तसाच सराव चालू राहिला तर त्रास वाढेल. लघवी करताना मधेच धार थांबवून सराव करू नये, हेही सांग. आवळण्याइतकंच पूर्ण सोडणं शिकवायचं. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर आवळण्याचा व्यायाम डोळे मिटून देऊ नकोस, तिथे बरेचदा स्नायू आधीच ताठलेले असतात. खोकण्याआधी क्षणभर आवळून धरणं ही युक्ती मात्र पहिल्याच भेटीत देता येते.

प्रसूती वॉर्डात कामं आटोपशीर असतात. सीझरच्या बाईला कुशीवर वळून उठायला आणि खोकताना टाक्यांवर उशी धरायला शिकवायचं. कॅथेटर (लघवीची नळी) निघेपर्यंत तळाचे व्यायाम नाहीत. मलद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटलेलं असेल तर ते ३ए, ३बी, ३सी किंवा ४ असं लिहिलेलं असतं. बाहेरचा स्नायू निम्म्याहून कमी फाटला तर ३ए, जास्त तर ३बी, आतलाही फाटला तर ३सी, आतली त्वचाही फाटली तर ४. कंबर-जांघेत दुखणाऱ्या गरोदर बाईला व्यायामापेक्षा आधी दिवसाच्या हालचाली बदलून दे: सलवार बसून घालणं, कुशीवर वळताना गुडघे जुळवून ठेवणं, जिना एकेक पायरी.

दक्षिण आशियाई पेशंट बऱ्याच भेटतील. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, पोट बांधायचं, हे तुला सांगावं लागत नाही, त्याचा उपयोग कर आणि वेळा त्याप्रमाणे ठरव. पण तुला हिंदी येतं म्हणून दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नकोस. सासू किंवा नवऱ्यालाही ते करू देऊ नये; घरात मारहाण होते का हा प्रश्न त्यांच्या तोंडून कसा जाणार? दुभाषा हॉस्पिटल लावून देतं, फक्त अपॉइंटमेंट देतानाच मागावा लागतो. खतना झालेली १८ वर्षांखालची मुलगी दिसली किंवा तिने स्वतः सांगितलं, तर पोलिसांना कळवणं रजिस्टर्ड व्यावसायिकावर २०१५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. तू विद्यार्थी, तेव्हा त्याच दिवशी एज्युकेटरला सांगायचं.

निघण्याआधीचं सर्वांत महत्त्वाचं काम पुस्तकांचं नाही, लसींचं आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकाने ०, १ आणि ६ महिन्यांनी लागतात, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडीचा रिपोर्ट. आता सुरू केलं नाहीस तर तिथे ऑक्युपेशनल हेल्थची (कर्मचारी-विद्यार्थ्यांचं आरोग्य तपासणारा विभाग) मंजुरी अडू शकते आणि प्लेसमेंट पुढे ढकलली जाऊ शकते. पदवीपर्यंत एकूण हजार तास भरायचे असल्यामुळे ते महागात पडतं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांचा पुरावा, कांजिण्यांचा इतिहास आणि क्षयाची तपासणी यांचे कागद तारीख-शिक्क्यासह जवळ ठेव. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून काढून घे. अभ्यासाचा भाग असलेली प्लेसमेंट व्हिसावरच्या आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत धरत नाहीत, त्याची काळजी नको.

अभ्यासात ओटीपोटाची शरीररचना चित्र काढून पक्की कर, लिव्हेटर अॅनाय (तळाचा मुख्य स्नायू) आणि प्युडेंडल नर्व्ह (त्या भागाची मज्जातंतू) यांच्यासकट. पहिल्या आठवड्यात तीनच उद्दिष्टं लिहून दे, मोजता येतील अशी. 'आत्मविश्वास वाढवणे' यावर एज्युकेटर काही सही करू शकत नाही, 'चौथ्या आठवड्यापर्यंत नव्या पेशंटची पूर्ण मुलाखत एकटीने ४५ मिनिटांत' यावर करू शकते.