हनिमूनला जपानमध्ये क्योटोला जावं का, की चार दिवस नुसती देवळंच बघत बसावं लागेल?

तुमच्या सासूबाई म्हणाल्या ना, "देवळंच बघायची तर काशीला जा", अगदी तेच माझ्या आत्यानं आमच्या लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. तरी आम्ही गेलो. तुळशीचं लग्न झाल्यावर आमचं लग्न, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्योटोत पाच रात्री. तुम्हीही जा. फक्त पहिले दोन दिवस आम्ही जो गाढवपणा केला तो करू नका.

नवऱ्यानं एक्सेल शीट केली होती, दिवसाला पाच ठिकाणं. पहिलं किंकाकुजी, तळ्याकाठचं ते सोन्याच्या वर्खाचं देऊळ. (आता दिसतं ते मूळचं नव्हे. १९५० साली एका शिकाऊ भिक्षूनं ते जाळलं, १९५५ ला पुन्हा उभं राहिलं.) चार फोटो काढले की पळा बसकडे. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बरीचशी देवळं चार-पाचलाच बंद होतात, हे शीटमध्ये नव्हतं. चौथ्या ठिकाणी बंद दरवाजा बघितला आणि लग्नानंतरचं पहिलं भांडण बसस्टॉपवर झालं. तेही कुजबुजत, कारण रांगेत कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शीट बंद. दिवसभरात एकच ठिकाण, सान्जूसान्गेन्दो. हे मात्र चुकवू नका. साधारण १२० मीटर लांब लाकडी दालन, त्यात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती. मधोमध एक मोठी बसलेली, बाकी हजार दोन्ही बाजूंना ओळीनं उभ्या. पुढे रक्षक देवता, आणि त्यांत आपलीच मंडळी! इंद्र, ब्रह्मा, सरस्वती, आणि चोच-पंख असलेला गरुड चक्क बासरी वाजवतोय. बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे पायाखालची फळी बर्फासारखी. फोटोला बंदी, म्हणून नवऱ्याचा मोबाइल पहिल्यांदाच खिशात गेला. तिथे असं म्हणतात की या हजारांत तुम्हाला भेटावंसं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो. मी शोधत राहिले. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं आणि मागच्या रांगेतली एक मूर्ती दाखवली. ओठ मिटलेले, नजर खाली, सगळ्यांवर किंचित नाराज. आत्या! हसू दाबत बाहेर पळालो. आमचा हनिमून मी तिथपासून धरते.

फुशिमी इनारी हे डोंगरावरचं देवस्थान पहाटे गाठा. रात्रंदिवस उघडं असतं, तिकीट नाही. नऊनंतर तिथे गणपतीतला दादर स्टेशनचा पूल होतो. हजारो केशरी कमानींखालून डोंगर चढायचा. वर जाताना कमानी कोऱ्या दिसतात, उतरताना प्रत्येकीच्या पाठीवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख. आपल्या देवळांत "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशा फरश्या असतात ना, तसंच.

आता खाणं, कारण तुमचे हे शाकाहारी आहेत. माझेही. मी मालवणकडची. एका छोट्या दुकानात ह्यांनी कित्सुने उदोन मागवलं. जाड शेवया, वर तळलेल्या टोफूचा चौकोन, दिसायला शंभर टक्के शाकाहारी. वाटीतून वाफ आली आणि मला सुकटीचा डबा उघडल्यासारखं झालं. तिथल्या बहुतेक रस्स्यांचा पाया दाशी, आणि तो बहुधा सुकवून धुरी दिलेल्या माशाच्या किसाचा. ह्यांनी अर्धी वाटी संपवली होती, इतके भुकेले होते की मी गप्प बसले. रात्री सांगितलं. भांडण क्रमांक दोन. तेव्हा "मांस नको, मासा नको, माशाचा रस्साही नको" असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. मठांतलं शाकाहारी जेवण, शोजिन ऱ्योरी, मिळालं तर जरूर खा, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो, चातुर्मासातलं जेवण समजा. नान्झेन्जी देवळाजवळ गरम टोफूची दुकानं आहेत, तिथेही सोबतच्या सॉसबद्दल विचाराच. आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दुकानातल्या गरम भातावर तीच कामी आली.

एक रात्र तरी जुन्या पद्धतीच्या सराईत, ऱ्योकानमध्ये राहा. महाग आहे. आणि हनिमूनवाल्यांनो, दोन गाद्या वेगवेगळ्या घालतात, मध्ये वीतभर अंतर ठेवून, आणि भिंतीऐवजी कागदाची सरकती दारं. गाद्या आपण सरकवू शकतो, दारांचं काही करता येत नाही. गरम पाण्याची स्नानगृहं बायका-पुरुषांची वेगळी असतात, दोघांना एकत्र हवं तर खाजगी स्नानाची वेळ मिळते का ते बुकिंग करतानाच विचारा. तिथे घालायला देतात तो सुती झगा, युकाता, मी उजवी बाजू वर घेऊन गुंडाळला होता. चहा घेऊन आलेल्या मालकीणबाईंनी ट्रे खाली ठेवला, काही न बोलता तो सोडून डावी बाजू वर करून पुन्हा बांधून दिला. उजवी वर फक्त प्रेताला घेतात म्हणे.

संध्याकाळी काही पाहू नका. सान्जो आणि शिजो या पुलांच्या मधे कामो नदीकाठी जोडपी बसतात, मरीन ड्राइव्हसारखीच, पण पट्टीनं मोजावं तशी सारख्या अंतरावर. नवं जोडपं आलं की दोन जोडप्यांच्या बरोबर मधोमध बसतं. आम्हीही बसलो. दोन्ही शेजाऱ्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी हॉलमध्ये बारा पाहुणे ठेवून निघालेल्या जोडप्याला त्याची किंमत कळेल.

सगळ्या जपानचा रेल्वे पास नुसत्या क्योटोसाठी घेऊ नका. सात दिवसांचा पास २०२३ च्या ऑक्टोबरात ५०,००० येन झाला. तोक्योहून जाणार असाल तर शिन्कान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, साधं तिकीट काढा, आणि सीट उजव्या खिडकीची, ई. फुजी पर्वत त्याच बाजूला दिसतो. आम्ही डावीकडे बसलो होतो.