बाळासाहेब खेर आधी वकील होते का, आणि मुंबई प्रांताचे पहिले मुख्यमंत्री तेच का?

हो, खेर मुंबईत सॉलिसिटर होते, पण पहिले मुख्यमंत्री म्हणताना जरा थांबा, कारण १९३७ ची निवडणूक जिंकूनही काँग्रेसने आधी सरकार बनवलं नाही, गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून वाद चालू होता, म्हणून एप्रिल ते जुलै धनजीशा कूपर यांचं तात्पुरतं मंत्रिमंडळ होतं. मग जुलैत खेर आले. तेव्हा या पदाला प्रीमियर म्हणायचे. १९३९ मध्ये भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून त्यांच्या सरकारने राजीनामा दिला, सत्ता सोडली हो सरळ, मला हे फार मोठं वाटतं. पुन्हा १९४६ ते १९५२, नंतर लंडनला हायकमिशनर. म्हणजे काँग्रेसचे पहिले म्हणा, ते एकदम बरोबर.