इव्हान्स गँबिट: एक प्यादं देऊन वेळ घ्यायचा

कोल्हापूर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

बुद्धिबळात पांढऱ्याकडून चढाईचा डाव हवा असेल तर इव्हान्स गँबिट शिकून घे. गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन मोहरी झटपट बाहेर काढायची. खाली घरांची नावं आहेत: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८. नुसतं घर लिहिलंय तिथं प्यादं चालतं, × म्हणजे मारणं, आणि आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, आणि आता बी४, म्हणजे काळ्याच्या उंटापुढं प्यादं टाकायचं. वेल्श जहाजी कप्तान विल्यम इव्हान्सनं १८२०च्या दशकात काढलेली ही खेळी. १९९५ साली रिगाला जगज्जेत्या कास्पारोवनं यातूनच आपल्या विश्वनाथन आनंदला २५ चालींत हरवलं. काळ्यानं तिसऱ्या चालीला उंटाऐवजी घोडा एफ६ला काढला, तर मात्र हा डाव लागत नाही. तिथं बी४ रेटू नकोस.

उंटानं बी४ मारलं की सी३. उंटाला हलावंच लागतं, आणि तेवढ्यात डी४ला आधार मिळतो. उंट ए५ला गेला की सहावी चाल डी४च खेळ. आधी कॅसलिंग (राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडं ठेवणं) केलंस तर काळा डी६ खेळून उंट बी६ला नेतो, प्यादं परत देतो, वजिरावजिरी करतो आणि तुझा हल्ला तिथंच थंडावतो. ही जुना जगज्जेता लास्कर याची बचावाची रीत. डी४नंतर डी६ आलं तर वजीर बी३. वजीर आणि उंट दोघंही एफ७वर रोखलेले, आणि तिथं राखणीला एकटा राजा.

लोभी प्रतिस्पर्धी ई×डी४ करतो. तू कॅसलिंग कर. तो डी×सी३ खाईल. तू वजीर बी३, तो वजीर एफ६. आता ई५! घोड्यानं ते खाल्लं तर हत्ती ई१, डी६, घोडा×ई५, डी×ई५, आणि वजीर बी५ शह. सी६ घर रिकामं झालंय, म्हणून राजा आणि ए५चा उंट एकदम सापडतात. उंट गेलाच. पटावर मांडून बघ, हात आपोआप शिकेल. चांगला खेळाडू ई५ला हात न लावता वजीर जी६ला नेतो. मग घोडा×सी३, उंट ए३, हत्ती डी१ आणि ई१वर. दोन प्यादी कमी असतील, पण घाबरून ती परत मिळवत बसू नकोस. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाय ओढून पट काढणारा पैलवान समोरच्याला पाय रोवू देत नाही, तसं काळ्याच्या राजाला थारा मिळू द्यायचा नाही.

उंट ए५ऐवजी ई७ला परतला तर डी४, घोडा ए५, उंट ई२. कास्पारोवची हीच चाल. ई×डी४ झालं की वजीर×डी४, थेट जी७वर. काळ्याचा घोडा कडेला जाऊन बसलाय, त्यामुळं वजिराला लगेच हुसकायला कुणी नाही.

काळ्यानं बी४ न मारता उंट बी६ला नेला तर ए४. बी५ची घाई नको. घोडा ए५ला येऊन तुझ्या उंटावर बसतो आणि ई५ मारण्यातूनही फारसं काही हाती लागत नाही.

सहाव्या चालीनंतरची मांडणी लावून मित्राबरोबर पंधरा मिनिटांचे दहा डाव खेळ, पाच काळ्याकडून. वजीर कितव्या चालीला पटावरून गेले ते वहीत लिही. वही घेऊन ये, मग बसू.